कृषी आयुक्तांना खुले पत्र : योजना राहू द्या, आमच्या गावाचा वार ठरवा

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : गावोगावी कृषी सहायकाच्या भेटीचा ठरलेला वार मिळण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

'विषय' अशी ओळ टाकून सुरुवात केली, कारण त्याशिवाय सरकारी टेबलावर कागद हलत नाही. पण हे पत्र आवक-जावकच्या खिडकीत न देता उघड लिहितोय. ते आपल्यासाठी आहे. आपल्या खात्यातली जी माणसं मोटारसायकलच्या डिकीत फायली कोंबून चार-चार गावं फिरतात, त्यांच्यासाठी आहे. आणि पारावर बसून त्यांना शिव्या घालणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांसाठीही आहे.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष-कांदेवाला. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. प्रत्येक गावाला कृषी सहायकाच्या भेटीचा पंधरवड्यातला एक वार ठरवून द्या. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवा. आणि त्या दिवशी त्या माणसाला दुसरं कुठलंही काम सांगू नका. अनुदान नको, नवी योजना नको, नवं ॲप तर अजिबात नको.

हे बोललो तेव्हा खात्यातले एक ओळखीचे साहेब हसले. म्हणाले, "अहो, हे जुनंच आहे." जुनंच आहे, म्हणून तर मागतोय. दरवर्षी १ जुलैला वसंतराव नाईकांच्या जयंतीनिमित्त आपण कृषी दिन करता. पंचायत समितीच्या सभागृहात शाल-नारळ होतो, रोपं वाटली जातात, योजनांचे आकडे वाचले जातात. खातं मुळात कशासाठी निघालं, हे मात्र एकाही भाषणात ऐकलं नाही. तेव्हा ते आज मीच सांगतो.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं किड्या-मुंग्यांसारखी मेली. इंग्रज सरकारने दुष्काळ आयोग नेमला. त्याने १८८० साली सांगितलं की प्रत्येक प्रांतात शेतीचं स्वतंत्र खातं हवं. मुंबई इलाख्यात ते १८८३ साली उभं राहिलं. त्याच साली जमीन सुधारणा कर्जाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी शेतकरी कर्जाचा. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडची 'तगाई'. ती तगाई शेतकी खात्याकडे नव्हती, ती महसुलाकडे होती. मामलेदार पैसे द्यायचा आणि वसूलही करायचा. शेतकी खात्याने काय करायचं, तर पीक बघायचं, बी बघायचं, प्रयोग करायचे आणि जे जमेल ते शेतकऱ्याला दाखवायचं. इंग्रजांचा हेतू काही फार धुतल्या तांदळासारखा नव्हता. मुंबई इलाख्यात कापसातली भेसळ रोखायचा कायदा १८६३ लाच झाला होता. तो कुणाच्या गिरण्यांसाठी, हे सांगायला नको. पण पैसा एकाकडे आणि ज्ञान दुसऱ्याकडे, ही विभागणी त्यांनी बरोबर केली होती.

योगायोग असा की त्याच १८८३ साली जोतीराव फुले शेतकऱ्यांच्या दैन्यावर लिहीत होते. पावसाचं पाणी शेतातच मुरेल अशा बेताने ताली-बंधारे घाला, त्या कामाला पलटणीतले आणि पोलिसांतले रिकामे शिपाई लावा, असं त्यांनी सरकारला सुचवलं होतं. सरकारने कान दिला नाही. मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा होऊन बांधबंदिस्तीला कायद्याचं बळ मिळायला १९४२ उजाडलं.

सुरुवातीची वर्षं खात्यानेही वायाच घालवली. तेव्हा ते जमिनीच्या नोंदींच्या खात्याला जोडलेलं होतं आणि आकडे जमवण्यात गुंतलेलं होतं. खरं काम सुरू झालं ते विसाव्या शतकात, पुण्याचं शेतकी कॉलेज नीट उभं राहिल्यावर. त्या कॉलेजचे प्राचार्य आणि पुढे इलाख्याचे शेतकी संचालक झालेले डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर घराघरात जाऊन तपासलं. कुणाकडे किती जमीन, तिचे तुकडे किती, डोक्यावर कर्ज किती, हे सगळं. हा माणूस रसायनशास्त्रज्ञ होता. प्रयोगशाळेत बसून सल्ले देत राहिला असता तरी त्याला कुणी विचारलं नसतं. पण त्याने आधी गाव समजून घेतलं.

आमच्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राबद्दल निफाडकरांना मनापासून अभिमान आहे. राहुरीचं कृषी विद्यापीठ होण्याआधीच 'निफाड ४' हा गहू इथल्या मातीतून निघाला होता. पुढे याच केंद्रातून आलेल्या वाणांची नावं बघा : त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी. कुंभमेळ्याच्या वाटेवरची ठिकाणं वाटतात, पण हे गहू आहेत आणि त्यांच्या पोळ्या, शेवया आमच्या घरी होतात. पिंपळगाव बसवंतच्या केंद्रातून उन्हाळी कांद्याचा 'एन-२-४-१' आला. चाळीत महिनोन्महिने टिकणारा कांदा. लासलगावला उन्हाळ्यात काढलेला कांदा दिवाळीच्या तोंडापर्यंत बाजारात येत राहतो, त्यामागे या वाणाचा मोठा वाटा आहे. भाव मिळतो की नाही हा वेगळा विषय. तो पणन खात्याचा आणि दिल्लीचा. त्यासाठी १९८० साली खेरवाडीत आमच्या लोकांनी गोळ्या झेलल्या, पण ते आपल्या टेबलावर येत नाही, म्हणून इथे थांबतो.

द्राक्षातही तसंच. पुण्यात गणेशखिंडीच्या बागेत सरकारी फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी निवडलेल्या वेलीला 'चीमा साहेबी' नाव पडलं. थॉमसन ही बिनबियांची जात येण्याआधीच्या पिढीला साहेबी, भोकरी, अनाबेशाही ही नावं तोंडपाठ होती.

१९६० ला राज्य झालं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि खात्याचे दोन भाग पडले : एक राज्याचा, एक जिल्हा परिषदेचा. ते आजही आहेत. एकाच जिल्ह्यात एक जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी आणि एक कृषी विकास अधिकारी. कोणती विहीर कुणाकडे आणि कोणतं अवजार कुणाकडे, हे ओळखणं शेतकऱ्यासाठी एक स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. मग १९६८ साली राहुरीचं विद्यापीठ निघालं आणि संशोधन केंद्रं तिकडे गेली. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. संशोधनाला मोकळीक हवीच होती. पण त्या दिवसापासून ज्याला माहीत आहे तो माणूस एका संस्थेचा आणि जो गावात येतो तो दुसऱ्या संस्थेचा झाला. या दोघांची गाठ कोण घालून देणार, हा प्रश्न तेव्हापासून लटकलेला आहे.

त्या प्रश्नाचं एकदा उत्तर मिळालं होतं. १९८१-८२ पासून जागतिक बँकेच्या मदतीने आपल्या राज्यात प्रशिक्षण आणि भेट योजना आली. जुनी माणसं तिला 'टी अँड व्ही' म्हणतात. तिचे नियम साधे होते. गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याने प्रत्येक गटाला पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशीच भेट द्यायची. ठरावीक दिवशी त्याने स्वतः वर्गात बसायचं. महिन्यातून एकदा वरच्या अधिकाऱ्यांनी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांसोबत बसून पुढच्या महिन्यात काय सांगायचं ते ठरवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या माणसाने फक्त सल्ला द्यायचा. खत वाटायचं नाही, कर्जाचे कागद करायचे नाहीत, वसुली नाही, मोजमाप नाही.

माझे वडील आमच्या गावातले संपर्क शेतकरी होते, म्हणजे खात्याच्या साहेबांनी ज्याला भेटायचं आणि ज्याने ते पुढे गावात सांगायचं तो शेतकरी. साहेब मंगळवारी यायचे. त्या दिवशी आई जास्तीचा चहा टाकून ठेवायची आणि वडील सकाळपासून करप्याची पात, पोखरलेलं कणीस, काय असेल ते गोणपाटात गुंडाळून ओट्यावर ठेवायचे. साहेबांना उत्तर येत असेल तर ते तिथेच सांगायचे. येत नसेल तर पात पिशवीत घालून घेऊन जायचे आणि पंधरा दिवसांनी उत्तर आणायचे. पंधरा दिवसांत करपा शेत खाऊन जायचा, हेही खरं. त्या योजनेत दोष पुष्कळ होते. संपर्क शेतकरी म्हणून निवडलेले बहुतेक विहीरवाले, घरात चार माणसं येणारी-जाणारी असलेले. कोरडवाहूवाल्याच्या दारात साहेब क्वचित जायचे. बाईमाणसाशी तर कुणी बोलायचंच नाही, जणू काही कांद्याची लागवड पुरुषच करतात. वरून आलेला निरोप खाली पोचवायचा हाच सगळा भर. खालचा प्रश्न वर नेण्याची वाट अरुंद होती. जागतिक बँकेचा पैसा संपला आणि योजना विरून गेली. पण मंगळवार हा मंगळवार असायचा.

मधल्या काळात खात्याने चांगलीही कामं केली, ती सांगितली नाहीत तर अन्याय होईल. ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर समतल बांध आणि नालाबांध झाले. त्यातले किती पुढच्या पिढीने ट्रॅक्टरने सपाट केले, हे आम्हालाच विचारावं. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि राज्यभर आंबा, डाळिंब, बोर, चिकू उभे राहिले. आमच्या कसमादे पट्ट्यात म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्यात डाळिंबाने घरं बांधली, पोरींची लग्नं लावली. नंतर तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूचा रोग, आला. लागवडीला अनुदान होतं, तेल्याला कुणाकडे औषध नव्हतं. लोकांनी बागाच्या बागा कुऱ्हाडीने तोडल्या. त्या दिवसांत अनुदानाचा अर्ज कुठे करायचा हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि फांदीवरचा तेलकट ठिपका कुणाला दाखवायचा हे कुणालाच माहीत नव्हतं.

१९९८ साली 'एक खिडकी' आली. कृषी, फलोत्पादन, मृदसंधारण अशा वेगवेगळ्या शाखांची वेगवेगळी माणसं गावात यायची, त्याऐवजी एकच कृषी सहायक. कागदावर हे अगदी योग्य होतं. पण खिडकी एक झाली आणि वरचे सगळे पाट तिच्यातूनच वाहू लागले. माझ्या मते घसरण तिथून सुरू झाली. आज त्या माणसाकडे काय काय आहे ते बघा. ठिबकची मोका तपासणी. शेततळ्याचं मोजमाप. अवजाराच्या अनुदानासाठी शेतकऱ्यासोबतचा फोटो, तोही अक्षांश-रेखांशासह. महाडीबीटी या सरकारी योजनांच्या पोर्टलवरच्या अर्जांची छाननी : आधी सोडत होती, मग प्रथम येणाऱ्यास प्राधान्य झालं, दोन्ही वेळा "माझं का नाही आलं?" याचं उत्तर त्यानेच द्यायचं. पीक विम्याचे पीक कापणी प्रयोग. विम्याच्या तक्रारी. एक रुपयात विमा आला तेव्हा त्याचा प्रचार, आणि २०२५ ला तो बंद झाला तेव्हा त्याचं स्पष्टीकरण. फार्मर आयडी. निवडणुकीचं काम. आणि या सगळ्याचा रोजचा अहवाल संध्याकाळच्या आत, शिवाय दुपारी व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक.

१८८३ नंतरची काही वर्षं खातं आकडे जमवण्यात अडकलं होतं असं वर लिहिलं. आता फिरून तिथेच आलोय, फक्त वहीच्या जागी मोबाईल आहे.

मग आम्हाला पिकाचा सल्ला देतं कोण? एक उदाहरण जवळून दाखवतो. ऑक्टोबर छाटणी झालेली असते. पोंगा फुटून चार-पाच पानं आलेली असतात. रात्री भुरभुर पाऊस, सकाळी आभाळ भरलेलं, पानावरचं पाणी दहा वाजेपर्यंत हटत नाही. पान उलटं केलं तर खाली पांढरी लव दिसू लागलेली. डावणी, द्राक्षावरचा बुरशीचा रोग. आता तासांचा हिशोब सुरू होतो, कारण ही लव घडावर उतरली तर वर्ष गेलं. आंतरप्रवाही मारायचं की स्पर्शजन्य, आता मारायचं की पाऊस थांबल्यावर, कालच्या फवारणीवर आज काय चालेल? फोन जातो तो कृषी सेवा केंद्राला. नाहीतर एकरी फी घेणाऱ्या खासगी सल्लागाराला. नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, आणि पाच मिनिटांत सात उत्तरं, सातही वेगळी. दुकानदार वाईट माणूस नसतो. उधारी तोच देतो, रात्री शटर उघडून माल तोच देतो. पण त्याच्या सल्ल्याचं बिल बाटलीत मिसळलेलं असतं. एका औषधाने भागत असताना तीन लिहून द्यायचे की नाही, हा प्रश्न त्याच्या पोटाशी येतो. एका हंगामात एका दुकानातून युरियासोबत मला नको असलेली दोन पाकिटं गळ्यात मारली गेली. 'लिंकिंग' म्हणतात त्याला, आपल्याला ठाऊक आहेच. तक्रार कुणाकडे करायची? गुणनियंत्रण निरीक्षकाकडे. आणि पुढच्या आठवड्यात डावणी आली की फोन कुणाला करायचा? त्याच दुकानदाराला. म्हणून तक्रार केली नाही.

दुसरा प्रसंग पंचनाम्याचा. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात निफाड-दिंडोरी पट्ट्यात गारपीट झाली. द्राक्षाचे घड तडकले, कोवळ्या काड्या सोलल्या गेल्या. पंचनाम्याला तिघं आले : तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. आता तिघांचीही पदनामं सरकारने बदलली आहेत, पण गावात अजून तिघंही भाऊसाहेबच. बागेत चिखल गुडघाभर. कृषी सहायक पोरगा विशी-पंचविशीतला, बीएस्सी ॲग्री झालेला. फोटो चढेना, कारण नेटवर्क नव्हतं. तो हात वर करून बांधावर उभा राहिला, मग टाकीवर चढला. नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर की खाली, यावर आमची घासाघीस चालू होती. जाता जाता त्याने एक काडी हातात घेऊन बघितली आणि हळूच म्हणाला, "काका, जखमांतून बुरशी शिरेल, तडकलेले मणी आधी काढून टाका आणि मग फवारा." एवढं एक वाक्य. बाकीचा सगळा वेळ टक्केवारीत गेला. मला कामाचं वाटलं ते तेच वाक्य होतं, आणि ते अहवालात कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं.

त्याला माहीत होतं, महोदय. ज्ञान आहे खात्यात. त्याला बोलायला वेळ नाही, एवढीच गोष्ट आहे.

आणि खात्याने मनावर घेतलं तर काय होतं, हेही याच जिल्ह्याने बघितलंय. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि माल अडकला. त्यानंतर उर्वरित अंश तपासणीची पद्धत उभी राहिली. शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था अपेडा, मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र, प्रयोगशाळा आणि आपलं खातं. निर्यातीच्या बागेची नोंदणी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, बागेची तपासणी, फवारणीची नोंदवही, नमुना, मग फायटो, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचं, प्रमाणपत्र. कोणतं औषध चालेल आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, याची 'अनेक्श्चर-५' ची यादी अडाणी म्हणवणाऱ्या माणसालाही पाठ झाली. २०१० ला क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे पुन्हा धक्का बसला, कारण ते तपासणीच्या यादीतच नव्हतं. मग यादी सुधारली. द्राक्ष बागायतदार संघ सोबत होता, पुढे शेतकऱ्यांच्या कंपन्याही आल्या. पण खात्याच्या माणसाला नेमून दिलेलं काम स्पष्ट होतं, वेळ ठरलेली होती आणि मागे शास्त्रज्ञ उभा होता. म्हणून ते चाललं. (गोऱ्यांच्या ताटातला घड इतका तपासून जातो आणि नाशिकच्या रविवार कारंजावर विकला जाणारा घड कुणी तपासत नाही, हे मला बोचतं. पण ते पुन्हा कधीतरी.)

आता आपण म्हणाल, पदं रिक्त आहेत. आहेत. पण वार ठरवायला जास्तीची माणसं लागत नाहीत, असलेल्या माणसाचा दिवस राखून ठेवावा लागतो. एका सजेत, म्हणजे एका कृषी सहायकाच्या हद्दीत, तीन-चार गावं धरली तर पंधरवड्यातले तीन-चार दिवस, तेही अर्धे अर्धे. उरलेल्या दिवसांत करा छाननी, टाका फोटो.

आपण म्हणाल, आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, हवामानाचा निरोप मोबाईलवर येतो, महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. ते सगळं ठेवा. पण फोटोतली डावणी आणि फोटोतला फवारणीचा चट्टा सारखाच दिसतो. पान उलटं करावं लागतं, बोट फिरवावं लागतं, मातीत पाय घालावा लागतो.

आणखी एक. निफाडचं ठीक आहे, आमच्याकडे दुकानं आहेत, सल्लागार आहेत, पैसे टाकले की कुणीतरी येतं. पेठ-सुरगाण्याचं काय? तिथे भात, नागली, वरई; आता स्ट्रॉबेरीही. तिकडची माणसं दिवाळीनंतर आमच्याच बागांमध्ये कामाला येतात, विरळणी, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), काढणी सगळं त्यांच्या हातून होतं. त्यांच्या स्वतःच्या शेतात खोडकिडा पडला तर विचारायला दुकानदारही नाही. ठरलेल्या वाराची गरज आमच्यापेक्षा त्यांना जास्त आहे. सुरुवात एकाच तालुक्यातून करायची असेल तर माझं मत सुरगाण्याला. तिथे वार बाजाराच्या दिवशी ठेवा, म्हणजे बायाही भेटतील. सकाळी अकराला ग्रामपंचायतीत बैठक ठेवली की तिथे पुरुष येतात आणि बाया त्या वेळी खुरपणीला असतात, हे चाळीस वर्षांत कुणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही.

वार ठरवला की दुसरी गोष्ट आपोआप मागावी लागते. कृषी सहायकांना महिन्यातून एक दिवस कुंदेवाडीला किंवा पिंपळगावला शास्त्रज्ञांसमोर बसवा. भाषण ऐकायला नको, गावातून आणलेले प्रश्न घेऊन. आपली कृषी विज्ञान केंद्रंही आहेत, नाशिकला मुक्त विद्यापीठाचं आणि मालेगावला राहुरीचं. ज्याचं उत्तर आलं नाही, ते प्रश्न भिंतीवर लावा. पुढच्या महिन्यात त्याची विचारणा करा.

२०२५ च्या मे महिन्यात कृषी सहायकांनी काम बंद ठेवलं होतं. मागण्यांत पदनाम बदलायचं होतं, लॅपटॉप हवा होता. पदनाम मिळालं : 'सहाय्यक कृषी अधिकारी'. मिळायलाच हवं होतं, पदवीधर पोरं आहेत ती. पण अधिकारी झालेल्या माणसाला त्याच्या विषयाचं काम करायला आठवड्यातला अर्धा दिवसही मिळू नये? अलीकडच्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्याने दोन कृषिमंत्री दिले, मालेगावचे दादाजी भुसे आणि सिन्नरचे माणिकराव कोकाटे. मंत्री आपल्याकडचा असला की सत्कार भरपूर होतात. सजेतला दिवस मात्र मंत्रालयातून ठरत नाही, तो आपल्या एका परिपत्रकाने ठरतो. म्हणून हे पत्र आपल्याला.

परिपत्रकात फार लिहावं लागणार नाही. कोणत्या गावाचा कोणता वार, ती यादी मंडळ कृषी अधिकाऱ्याने करायची. त्या अर्ध्या दिवसात व्हीसी, तहसीलची बैठक, ऑनलाइन नोंदणी यांपैकी काही लावायचं नाही. आणि लावलं तर लावणाऱ्याने लेखी कारण द्यायचं. शेवटचं वाक्य राहिलं नाही तर पहिली दोन टिकणार नाहीत.

ऑक्टोबर छाटणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून सुरू होते. त्याआधी निघालं तर यंदाचा हंगाम हाती लागेल.

कळावे,

आपला,
निफाड तालुक्यातील एक द्राक्ष व कांदा उत्पादक

प्रत माहितीसाठी :
मा. विभागीय कृषी सहसंचालक, नाशिक
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, नाशिक
मा. कृषी विकास अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक
मा. कुलगुरू, महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी